त्यांची मंडळी

भगिनींनो, मराठी ख्रिस्ती लोक आपल्या चर्चच्या माणसांना ‘मंडळी’ म्हणतात. आपले हे मंडळ आणि त्यांची ती मंडळी, शब्द एकाच घरचा. म्हणून वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत त्यांच्याविषयी चार ओळी लिहिते. सातवी शिकलेल्या बाईने इतिहास काय लिहावा, असे कुणी म्हणेल. पण हा इतिहास बराचसा स्वयंपाकघरातलाच आहे.

आपल्या मराठवाड्यात जालन्याजवळ नारायण शेषाद्री यांनी ‘बेथेल’ हे ख्रिस्ती गाव वसविले. ते जन्माने ब्राह्मण, १८४३ साली मुंबईस ख्रिस्ती झालेले. त्यांच्या मंडळीत मातंग समाजाची माणसे पुष्कळ. निरनिराळ्या जातींची माणसे प्रार्थनेला एकत्र बसली, ही मोठीच गोष्ट. पण घरी पाणी कुणाच्या हातचे चालायचे, हे बायकांच्या हाती असते.

ते कसे सुटते हे मला लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या पुस्तकातून कळले. त्यांचे यजमान कवी नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. बाईंच्या मनाला केवढा घोर लागला! काही वर्षे त्या माहेरच्या माणसांत वेगळ्या राहिल्या. मग यजमानांकडे आल्या, तरी सोवळे सोडले नाही. आपले पाणी वेगळे, चूल वेगळी. पुढे विचार करता करता त्यांचे त्यांनाच पटले की जाती देवाने नव्हे, माणसांनी केल्या. तेव्हा कुठे दुसऱ्याच्या हातचे अन्नपाणी चालू लागले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवरा झाला म्हणून मी झाले, असे ते नव्हते.

धर्म बदलला तरी त्यांनी मराठीपण टाकले नाही. टिळकांनी ख्रिस्तावर अभंग रचले, कीर्तने केली. त्यांची भजने मराठी चर्चमध्ये आजही म्हणतात. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरे केले. लग्नानंतर अक्षरे शिकलेली बाई ती!

हे वाचताना मला माझे पहिले बाळंतपण आठवले. तेव्हा आलेली नर्सबाई ख्रिस्ती होती. रात्रभर माझ्या उशाशी बसली. सकाळी आम्ही तिला चहा दिला तो कान तुटलेल्या वेगळ्या कपात. तिने तो घेतला, स्वतःच विसळला आणि पालथा घालून गेली. मी अंथरुणातून पाहत होते. बोलले काही नाही.