कर्जत-खालापूर : घाटपायथ्याची ऐतिहासिक स्थळे

महाराष्ट्र राज्याच्या रायगड जिल्ह्यातील, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले दोन लगतचे तालुके. रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्याचा परिचय सामान्यतः मुरुड, रेवदंडा, अलिबाग इ. किनाऱ्यावरील गावांवरून व तेथील जलदुर्गांवरून होतो. कर्जत व खालापूर यांना समुद्रकिनारा नाही. तथापि त्यांचा इतिहास बंदरांशी निगडित आहे. उल्हास नदी कर्जत तालुक्यातून कल्याणच्या खाडीकडे, तर पाताळगंगा व अंबा या नद्या खालापूरच्या बाजूने धरमतरच्या खाडीकडे वाहतात. बंदरांत उतरलेला माल या खोऱ्यांतून घाटाच्या पायथ्याशी येई आणि तेथून बोरघाटाने किंवा लहान घाटवाटांनी दख्खनच्या पठारावर जाई. येथील पाहण्याजोगी स्थळे बव्हंशी या वाटांच्या कडेचे विसावे व पहारे होत. वाट बदलली, की गावाचे महत्त्वही बदलले, असा या भूभागाचा दोन हजार वर्षांचा क्रम आहे.

या वाटांचा सर्वांत जुना ठळक पुरावा म्हणजे कोंडाणे येथील बौद्ध लेणी. राजमाची किल्ल्याच्या पायथ्याच्या जंगलात, उल्हासच्या खोऱ्यात ही लेणी आहेत. त्यांतील चैत्यगृह इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास खोदले गेले असावे. दर्शनी भागातील कमानी, सज्जे व जाळ्या लाकडी बांधकामाच्या धर्तीवर कोरलेल्या आहेत. तेथील एका भग्न मूर्तीजवळच्या ब्राह्मी लेखात, हे काम कण्हाचा शिष्य बलक याने केले, असा उल्लेख आहे. राजा किंवा दाता यांच्याऐवजी काम करणाऱ्याचे नाव नोंदविणारा हा लेख म्हणून लक्षणीय आहे. घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या कार्ले येथील लेण्यांच्या दात्यांत सोपारा बंदरातील रहिवाशाचाही उल्लेख आढळतो. त्यावरून किनारा, घाट व पठार यांना जोडणारी ही वाट त्या काळी वाहती होती, हे स्पष्ट होते.

मध्ययुगात वाटांच्या रक्षणासाठी किल्ले उभे राहिले. राजमाची बोरघाटाच्या परिसरावर नजर ठेवी. पेठ गावावरील कोथळीगडाच्या सुळक्यात खडकाच्या आतून खोदलेला जिना आहे. माथ्यावर विस्तार थोडा असल्याने या किल्ल्याचा उपयोग प्रामुख्याने टेहळणीचे ठाणे म्हणून होत असावा. अशा प्रदेशात वाटेची माहिती हेच मोठे शस्त्र असते, याचा प्रत्यय फेब्रुवारी १६६१ मध्ये उंबरखिंडीत आला. शायिस्ताखानाने पाठविलेला सरदार कारतलबखान घाट उतरून कोकणात येत असता, खालापूर तालुक्यातील चावणी गावाजवळच्या अरुंद व झाडीने वेढलेल्या खिंडीत छत्रपती शिवाजी महाराजांनी त्याची कोंडी केली. पुढची व मागची वाट बंद झाली आणि सैन्य पाण्यावाचून व्याकूळ झाले. अखेर सोबतच्या रायबागन या स्त्री सरदाराच्या सल्ल्याने खानाने शरणागती पत्करली. थोड्या सैन्याने मोठ्या सैन्याचा केलेला हा पराभव भूगोलाच्या अचूक ज्ञानाचा विजय मानला जातो.

पेशवाईत मुंबई व पुणे यांमधील रहदारी वाढली. खोपोली येथे नाना फडणीसांनी बांधविलेले शिवमंदिर व विस्तीर्ण दगडी तलाव हे घाट चढण्यापूर्वीच्या विसाव्याचे ठिकाण होते. याच तालुक्यातील महड येथील वरदविनायकाचे मंदिर अष्टविनायकांपैकी एक आहे. १८०४ मध्ये जनरल वेलस्लीने तोफा नेता याव्यात म्हणून बोरघाट दुरुस्त करविला, तर १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या काळात चाकांच्या गाड्यांसाठी रस्ता खुला झाला. तोपर्यंत मालवाहतूक प्रामुख्याने बैलांच्या पाठीवरून होत असे.

लोहमार्ग १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत पोहोचला आणि १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे हा भाग सुरू झाला. मधला घाट मात्र पुढील पाच वर्षे पालखी, तट्टू किंवा गाडी यांनीच ओलांडावा लागे. या काळात खोपोलीस मोठे महत्त्व आले. १८६३ मध्ये पळसदरीहून थेट घाट चढणारा मार्ग पूर्ण झाला, तेव्हा खोपोली एका शाखेचे अखेरचे स्थानक होऊन राहिली आणि महत्त्व कर्जतकडे गेले. या घाटमार्गासाठी २५ बोगदे खोदावे लागले. कामावरील मजुरांची संख्या १८६१ च्या सुमारास ४०,००० च्या वर गेली होती. वेतनाच्या तक्रारीवरून १८५९ च्या आरंभी मजुरांनी दंगा केला. त्याच वर्षी कंत्राट घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल अल्पावधीत मरण पावला व त्याची पत्नी ॲलिस हिने ते पुढे चालविले. पटकी, सुरुंगाचे अपघात व कड्यांवरून पडणे यांमुळे हजारो मजूर दगावले. त्यांची एकूण संख्या आज केवळ अंदाजानेच सांगितली जाते.

माथेरानचा इतिहासही पायथ्याच्या गावापासून सुरू होतो. मे १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाकडून डोंगर चढून माथ्यावर गेला व त्यानंतर तेथे थंड हवेचे ठिकाण वसले. पीरभॉय कुटुंबाने बांधलेला नेरळ-माथेरान हा दोन फुटी लोहमार्ग १९०७ मध्ये सुरू झाला. माथ्यावर मोटारींना बंदी असल्याने प्रवासी व माल यांची ने-आण घोडे, हमाल व हातरिक्षा यांवर अवलंबून राहिली. माणसाने माणसास ओढून नेण्याची ही प्रथा सहा महिन्यांत बंद करावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला.

विसाव्या शतकात घाटाची उंचीच ऊर्जेचे साधन ठरली. लोणावळ्याच्या बाजूच्या जलाशयांचे पाणी सु. ५२५ मी. खाली आणून टाटा कंपनीने १९१५ मध्ये खोपोली येथे जलविद्युत्‌केंद्र सुरू केले. त्यानंतर १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचे केंद्र उभे राहिले. ही वीज प्रामुख्याने मुंबईच्या कापड गिरण्यांसाठी होती. म्हणूनच १९४२ च्या आंदोलनात वीजवाहिन्यांचे मनोरे पाडण्याचा मार्ग भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्याने अवलंबिला. माथेरान येथे १९१२ मध्ये जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल हे वकील होते व शेतकऱ्यांसाठी त्यांनी शाळा आणि धान्यपेढ्या चालविल्या होत्या. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात ते व हिराजी पाटील हुतात्मा झाले.

२००२ मध्ये पूर्ण झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग खालापूर तालुक्यातूनच जातो. या मार्गाने जाणाऱ्यास इर्शाळगडाचा सुळका दिसतो. त्याच्या उतारावरील ठाकरांच्या इर्शाळवाडीपर्यंत मात्र पायवाटच होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री अतिवृष्टीत दरड कोसळून ही वाडी गाडली गेली. २७ मृतदेह हाती लागले व ५७ जण बेपत्ता राहिले. यंत्रसामग्री वर नेता न आल्याने मदतकार्य मुख्यतः हातांनीच करावे लागले. वाचलेल्यांची नवी वसाहत पायथ्याशी चौकजवळ वसविण्यात आली.

लेणी, किल्ले, तलाव, लोहमार्ग व वीजकेंद्रे ही या प्रदेशाची पाहण्याजोगी स्थळे असून त्यांपैकी बहुतेक घाट ओलांडून दुसरीकडे जाणाऱ्यांच्या सोयीसाठी निर्माण झाली. त्यांच्या भोवतीच्या गावांचा व वाड्यांचा इतिहास त्या मानाने थोडाच लिहिला गेला आहे. कोंडाण्याच्या शिळेवर बलकाचे नाव टिकून राहिले. घाटाच्या बोगद्यांत राबलेल्यांची नावे त्या प्रमाणात टिकली नाहीत. ही स्थळे पाहताना हा दुसरा इतिहासही ध्यानात घेतल्यास या भूभागाचे यथार्थ दर्शन घडते.