वारा, पाणी आणि घर

हसऱ्या बुद्धाची एखादी लहानशी मूर्ती, दाराशी टांगलेल्या किणकिणत्या नळ्या, पाण्यात उभ्या केलेल्या बांबूच्या हिरव्या काड्या, तोंडात नाणे धरलेला तीन पायांचा बेडूक या वस्तू १९९० नंतरच्या काळात भारतातील शहरोशहरीच्या दुकानांत आल्या आणि तेथून असंख्य घरांच्या दिवाणखान्यांत जाऊन बसल्या. घरात सुख नांदावे, माणसामाणसांत मेळ असावा, आलेला पैसा टिकावा, या इच्छेने त्या आणल्या जातात. ही इच्छा हसण्यासारखी नाही. ती माणसाइतकीच जुनी आहे. परंतु ज्या चिनी विद्येच्या नावाने या वस्तू विकल्या जातात, त्या फेंगशुईचा मूळ विचार वस्तू मांडण्याचा नव्हता. तो जागा निवडण्याचा होता. घराचे सुख घराच्या आत शोधण्यापूर्वी घर कोठे उभे आहे हे पाहावे, असे ही विद्या सांगत असे; आणि तिचा इतिहास म्हणजे त्या एका शहाणपणाचा, त्याला चिकटलेल्या भयाचा आणि त्या भयावर चाललेल्या व्यवहाराचा इतिहास आहे.

‘फेंग’ म्हणजे वारा आणि ‘शुई’ म्हणजे पाणी. मराठी माणसाला हा शब्द परका वाटण्याचे कारण नाही. नव्या गावी गेलेल्या माणसाला ‘तेथील हवापाणी मानवले का’ असे आपल्याकडे विचारतात, तेव्हा वारा आणि पाणी या दोन शब्दांत त्या स्थळाचा सारा गुणधर्म सामावलेला असतो. चीनमध्येही तसेच झाले. उत्तर चीनमध्ये हिवाळ्यात सायबेरियाकडून कोरडे, बोचरे वारे येतात आणि पिवळी धूळ उडवीत नेतात. पेकिंगमध्ये ऐन हिवाळ्यात भर दुपारचा सूर्यसुद्धा क्षितिजापासून जेमतेम सव्वीस-सत्तावीस अंश वर येतो, आणि तोही दक्षिणेकडे. अशा प्रदेशात ज्याने उत्तरेस डोंगराची पाठ धरली आणि दार दक्षिणेस ठेवले, त्याच्या घरात ऊब राहिली. प्रथम हा अनुभव असावा. त्याचे शास्त्र नंतर झाले.

त्या शास्त्राची चित्रे मात्र फार जुनी आहेत. १९८७ मध्ये हनान प्रांतात पूयांग येथे सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीची एक कबर सापडली. मृताच्या एका बाजूस शिंपल्यांनी रेखलेला ड्रॅगन आणि दुसऱ्या बाजूस तसाच वाघ होता. पुढील काळात फेंगशुईने पूर्वेस नीलवर्ण ड्रॅगन, पश्चिमेस श्वेत व्याघ्र, दक्षिणेस रक्तवर्ण पक्षी आणि उत्तरेस कृष्णवर्ण कासव अशी चार दिशांची चार रूपे मानली. त्या एका कबरीवरून सारी विद्या तेव्हाच अस्तित्वात होती असे म्हणता येणार नाही. पण ड्रॅगन आणि वाघ यांच्या मध्ये माणसाला विसावा द्यावा ही कल्पना त्या भूमीत खोलवर रुजली होती, एवढे खरे.

ही विद्या प्रथम जिवंतांच्या घरापेक्षा मृतांच्या घराचा अधिक विचार करी, हे ऐकून अनेकांना नवल वाटेल. ‘दफनग्रंथ’ या नावाने प्रसिद्ध असलेला तिचा मूळ ग्रंथ इसवी सन २७६ ते ३२४ या काळात होऊन गेलेल्या ग्वो फू या पंडिताच्या नावावर चालतो. मात्र तो बऱ्याच उत्तरकालीन हातांनी रचला असावा असे अभ्यासक मानतात. भूमीतून ‘छी’ नावाचा प्राणप्रवाह वाहतो, वाऱ्यात सापडला की तो विखुरतो आणि पाण्याची सीमा लागली की थांबतो, असे या ग्रंथाचे प्रतिपादन आहे. म्हणून मागे उंच डोंगर, दोन्ही हातांना उतरत्या टेकड्या आणि समोर संथ वळण घेणारे पाणी, अशी हातांच्या खुर्चीसारखी जागा उत्तम समजली गेली. तेथे पूर्वजांच्या अस्थी विसावल्या की त्यांना मिळालेला प्राणप्रवाह वंशजांपर्यंत पोचतो, अशी श्रद्धा होती. अशी जागा घरालाही उत्तमच असते: वारा अडतो, पाणी जवळ राहते, पूर अंगावर येत नाही.

या शोधातून जगाला एक अमोल साधनही लाभले. दिशा अचूक ठरविण्यासाठी चिनी भूमिशोधक लोहचुंबकाची सुई वापरू लागले. १०८८ च्या सुमारास शेन क्वो या विद्वान अधिकाऱ्याने आपल्या टिपणग्रंथात असे नोंदविले, की चुंबकावर घासलेली सुई दक्षिण दाखविते खरी, पण किंचित पूर्वेकडे झुकून. युरोपात ही गोष्ट ध्यानात येण्यास त्यानंतर काही शतके लागली. जोसेफ नीडहॅम या इंग्रज इतिहासकाराने चिनी विज्ञानाचा इतिहास लिहिताना होकायंत्राचे मूळ याच भूमिशोधकांच्या पाटीत दाखविले आहे. घरासाठी आणि कबरीसाठी घडलेली सुई पुढे गलबतावर चढली.

जिवंतांच्या घराविषयीही स्वतंत्र ग्रंथ झाले. त्यांपैकी पीतसम्राटाच्या नावावर असलेला एक जुना गृहग्रंथ घराच्या पाच उणिवा सांगतो. घर मोठे आणि माणसे थोडी. दार मोठे आणि घर लहान. आवाराची भिंत अपुरी. विहीर आणि चूल भलत्या ठिकाणी. जागा विस्तीर्ण, अंगण अवाढव्य आणि घर तेवढे चिमुकले. अशा घरात दारिद्र्य येते. उलट, घर लहान पण माणसांनी भरलेले, दार बेताचे, भिंत पुरी, गुरेढोरे पुष्कळ आणि पाणी आग्नेयेकडे वाहून जाणारे असेल, तर संपन्नता येते. यात गूढ असे काय आहे? ऐपतीबाहेर बांधू नये, दिखाऊ दारापायी घर कर्जात घालू नये, सांडपाणी तुंबू देऊ नये, हे कोणत्याही गावची पोक्त गृहिणी सांगेल. एक मूर्ती मांडा म्हणजे भरभराट होईल, असे आश्वासन यात नाही.

या विचाराचे प्रत्यक्ष रूप म्हणजे पेकिंगच्या गल्ल्यांतील चौसोपी घर, ‘सिहयुआन’. मधोमध अंगण, चारी बाजूंना खोल्या. मुख्य दालन उत्तरेस, दक्षिणाभिमुख. ते घरातील वडीलधाऱ्यांचे. पूर्वेचा सोपा थोरल्या मुलाचा, पश्चिमेचा धाकट्याचा. रस्त्याचे दार मधोमध नसून आग्नेय कोपऱ्यात, आणि दारातून आत येताच समोर एक आडभिंत. भुते सरळ रेषेत चालतात, त्यांना वळता येत नाही, म्हणून ही भिंत, असे लोक सांगत. पण तीच भिंत गल्लीतून घुसणारा वारा अडवी, आणि वाटसरूची नजरही. हिवाळ्यातले तिरपे ऊन उत्तरेच्या दालनात पार आतपर्यंत जाई. उन्हाळ्यातला डोक्यावरचा सूर्य वळचणीपाशीच थांबे.

तथापि याच घराची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. दक्षिणेकडच्या ओळीतील खोल्यांची तोंडे उत्तरेस असत. त्यांत ऊन येत नसे. तेथे नोकरचाकर राहत, पाहुणे उतरत. ऊन कोणाला किती मिळावे हे ज्याच्या त्याच्या मानावरून ठरलेले होते. जुन्या चीनमध्ये घरातील मेळ म्हणजे प्रत्येकाने आपल्या जागी राहणे. त्यात समतेचा विचार नव्हता. घराची रचना शांत दिसे, कारण कोणी जागा बदलण्याची मुभा नव्हती.

आणि मेळ शोधता शोधता कलहही माजत. पूर्वजांच्या कबरीची अमुक बाजू थोरल्या शाखेला लाभते, तमुक धाकट्या शाखेला, अशी समजूत असल्यामुळे भावाभावांत जागेवरून तंटे होत. मनासारखी जागा सापडेपर्यंत शवपेट्या वर्षानुवर्षे तशाच ठेवल्या जात. या अनिष्टाविरुद्ध चीनमधीलच विचारवंतांनी वेळोवेळी आवाज उठविला. पहिल्या शतकात वांग चुंग याने, आडनावाच्या उच्चारावरून घराच्या दाराची दिशा ठरविण्याच्या प्रथेची निर्भयपणे टर उडविली. सातव्या शतकात तांग सम्राट ताइझोंग याच्या आज्ञेवरून ल्यू त्साय याने असल्या ग्रंथांची छाननी केली आणि त्यांतील विसंगती उघड केल्या.

परंतु सर्वांत हृद्य कथा आहे ती इतिहासकार सीमा ग्वांग याची. १०८४ मध्ये लिहिलेल्या एका लेखात त्याने आपल्याच घरातील हकिकत सांगितली आहे. वडीलधाऱ्याच्या दफनाची वेळ आली तेव्हा भाऊबंद अडून बसले, की भूमिशोधकाला विचारल्यावाचून काही करावयाचे नाही. सीमा ग्वांगचा थोरला भाऊ समंजस होता. त्याने खेड्यातील एका साध्या भूमिशोधकाला बोलावले आणि वीस सहस्र नाणी देऊ केली. अट एकच, आपण सांगू तसे त्याने बोलावे. मग दिवस, वेळ, दिशा, खड्ड्याची खोली हे सारे भावाने सोयीप्रमाणे ठरविले, आणि भूमिशोधकाने ग्रंथ उघडून ‘अतिशय शुभ’ असा निर्वाळा दिला. भाऊबंद संतुष्ट झाले. पुढे तो भाऊ एकोणऐंशी वर्षांचा होऊन मोठ्या पदावरून निवृत्त झाला, सीमा ग्वांग स्वतः दरबारी चढला आणि कुळातील तेवीस जण राजसेवेत होते. ग्रंथ काटेकोर पाळणाऱ्यांचे याहून अधिक भले झाले काय, असा त्याचा प्रश्न होता. घरात मेळ आला खरा. पण तो जमिनीखालच्या प्रवाहाने नव्हे, थोरल्या भावाच्या शहाणपणाने.

एकोणिसाव्या शतकात या विद्येची गाठ परकीयांशी पडली. १८७३ मध्ये हाँगकाँगमध्ये अर्न्स्ट आयटेल या जर्मन मिशनऱ्याने तिच्यावर पुस्तक लिहिले. तारेचे खांब आणि लोहमार्ग यांनी भूमीतील ड्रॅगनच्या शिरा तुटतात, अशी तक्रार गावोगाव होऊ लागली आणि गोरे व्यापारी तिला हसू लागले. १८७६ मध्ये शांघायपासून वूसुंगपर्यंत लोहमार्ग सुरू झाला. साधा रस्ता करतो असे सांगून परकीयांनी जमीन घेतली होती आणि तीवर रूळ टाकले होते. त्याच वर्षी गाडीखाली एक माणूस सापडून मेला. अखेर चिनी सरकारने तो मार्ग विकत घेतला आणि १८७७ मध्ये उखडून टाकला. या प्रकरणाकडे केवळ अंधश्रद्धा म्हणून पाहणे अपुरे ठरते. आपली भूमी आपल्याला न विचारता दुसरा कापतो आहे, हे दुःख सांगण्यासाठी शेतकऱ्यापाशी फेंगशुईची भाषा होती; दुसरी भाषा त्याला कोणी ऐकून दिली नसती.

त्याच भाषेने दक्षिण चीनमध्ये आणखी एक काम केले. गावामागच्या उतारावरील राई तोडली तर गावाचे भाग्य जाते, असे मानल्यामुळे भोवतालचे डोंगर उघडे पडले तरी त्या राया टिकल्या. उतारावरची माती धरून ठेवणे, वादळवारा अडविणे, उन्हाळ्यात गारवा देणे हे त्यांचे काम. आज वनस्पतिशास्त्रज्ञ तेथे मूळच्या वनातील वृक्ष शोधीत फिरतात. महाराष्ट्रातील देवराया ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना या रक्षणाचे मर्म सांगावयास नको.

१९४९ नंतर नव्या राजवटीने या विद्येला सरंजामी अंधश्रद्धा ठरविले आणि १९६६ पासूनच्या सांस्कृतिक क्रांतीत तिचे ग्रंथ व तिची साधने नष्ट करण्यात आली. हाँगकाँग, तैवान आणि आग्नेय आशियातील चिनी वस्त्यांत मात्र ती जगली. तेथून विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत ती अमेरिका-युरोपात गेली आणि वाटेतच तिचे रूप पालटले. शहरातील भाडेकरूला डोंगर निवडता येत नाही, नदी वळविता येत नाही, कित्येकदा दारही हलविता येत नाही. मग उरते काय? टेबलावर मांडता येईल अशी वस्तू. तीच पुढे भारतात पोचली.

येथे एक विलक्षण गोष्ट घडली. आपल्याकडील वास्तुविचारात दक्षिण ही यमाची दिशा, म्हणून दक्षिणेचे दार घेण्यास पुष्कळ गृहस्थ कचरतात. पेकिंगच्या घराला तर दक्षिणेइतकी मंगल दिशा नव्हती. तरीही एकाच घरात दक्षिणेचे दार टाळले जाते आणि चिनी बेडूकही मांडला जातो. दोन्ही नियमांना त्यांच्या त्यांच्या भूमीचे ऊन, वारा आणि स्मृती आहेत, हे विसरले म्हणजे असे होते.

त्या हसऱ्या मूर्तीची गोष्टही अशीच. ती गौतम बुद्धाची नव्हेच. खांद्यावर कापडी झोळी टाकून हिंडणाऱ्या बूदाय नावाच्या चिनी भिक्षूची ती प्रतिमा. दहाव्या शतकाच्या आरंभी तो निवर्तला, आणि पुढे लोकांनी त्याला भावी बुद्ध मैत्रेयाचा अवतार मानले. मैत्रेयाची कल्पना भारतातून चीनमध्ये गेली होती; हजार वर्षांनी तिची मूर्ती हसत हसत परत आली, आणि माहेरच्यांनी तिला ओळखलेही नाही.

बूदायच्या झोळीत होते नव्हते ते तो वाटून टाकी, अशी आख्यायिका आहे. त्याला घर नव्हते, दार नव्हते, दिशाही नव्हती. त्याची मूर्ती ज्या घरात बसली आहे, तेथील खिडकीतून ऊन कोणाच्या खोलीत जाते, पाणी कोठून येते आणि कोठे जाते, भिंतीपलीकडे कोण राहते, एवढे जरी कोणी तिच्याकडे पाहून स्वतःला विचारले, तरी त्या जुन्या विद्येतील निवडक धान्य हाती लागले असे म्हणता येईल.