पाऱ्याच्या पुडीचा जमाखर्च

पारा म्हटले की आपल्याकडे रसशास्त्र, शोधन-मारणाचे संस्कार व भस्मे यांचे स्मरण होते. तो प्रांत वैद्यांचा. कापडाच्या व्यापाऱ्याने तेथे पाऊल न टाकणेच बरे. परंतु पाऱ्याच्याच एका औषधावरून अमेरिकेत मोठा वाद झाला. त्याची हकीकत वाचताना मला वारंवार आपल्या पेढीवरील रोजकीर्दीची आठवण झाली, म्हणून ती सुज्ञ वाचकांपुढे ठेवीत आहे.

इ. स. १७९३ मध्ये फिलाडेल्फिया शहरात पीतज्वराची साथ आली. सुमारे ५० हजार वस्तीच्या त्या नगरात थोड्याच महिन्यांत ५ हजारांच्या आसपास माणसे दगावली. ज्यांना शक्य होते ते गाव सोडून गेले. डॉ. बेंजामिन रश मात्र राहिले. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा हा पुरुष रात्रंदिवस रोगी पाहत होता. त्यांची सख्खी बहीण याच साथीत गेली. त्यांच्या सचोटीविषयी शंका घेण्यास जागा नाही. त्यांचा उपाय मात्र भयंकर होता. १० ग्रेन, म्हणजे सुमारे ६५० मिलिग्रॅम कॅलोमेल, रेचक अशा जलाप मुळीच्या चूर्णात मिसळून वारंवार द्यायचे आणि शिवाय भरपूर रक्त काढायचे. कॅलोमेल हा पारा व क्लोरीन यांचा पांढरा, बेचव क्षार. रोग्याची लाळ गळू लागली, हिरड्या सुजल्या, की औषध लागू पडले असे त्या काळचे वैद्य मानीत. ती पाऱ्याच्या विषबाधेची लक्षणे होत, हे आज आपण जाणतो.

विरोधकही होते. डॉ. एडवर्ड स्टीव्हन्स हे सिंकोनाची साल, थोडे मद्य व थंड पाण्याचे स्नान असा सौम्य उपचार करीत. तेव्हाचे अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन त्यांच्या हातून बरे झाले आणि तसे त्यांनी जाहीरपणे लिहिले. पण एका गिऱ्हाइकाच्या समाधानावरून सगळ्या ठाणाची पारख होत नसते. पीतज्वराचे कितीतरी रोगी औषधावाचूनही बरे होतात. पारा दिलेले किती, न दिलेले किती, आणि दोहोंतले वाचले किती, हा ताळा कोणत्याच बाजूने नीट मांडला नाही.

विल्यम कॉबेट नावाच्या इंग्रज पत्रकाराने रश यांच्यावर इतकी जहरी टीका केली की प्रकरण न्यायालयात गेले. डिसेंबर १७९९ मध्ये कॉबेटला ५ हजार डॉलर नुकसानभरपाई द्यावी लागेल असा निकाल झाला. पुढे त्याने शहरातील मृत्यूंच्या नोंदी पुढे केल्या: ज्या दिवसांत उपाय सापडला म्हणतात, त्यानंतर मृत्यू वाढतच गेले! हाही पुरावा पक्का नव्हे, कारण साथच चढती होती. तरी या वादात आकड्यांकडे बोट दाखवण्याचे श्रेय वैद्याला नव्हे, एका भांडखोर पत्रकाराला द्यावे लागते.

निकाल लागला, पण पाऱ्याचा प्रश्न तसाच राहिला. अमेरिकेच्या यादवी युद्धात विल्यम हॅमंड हे लष्कराचे सर्जन जनरल झाले. १८६२ साली नेमणूक झाली तेव्हा वय अवघे ३३. नोंदींचा त्यांना विलक्षण आग्रह. युद्धातील आजार व जखमांची तपशीलवार माहिती त्यांनी रुग्णालयांतून मागवण्यास आरंभ केला. कॅलोमेलने सैनिकांची तोंडे सडत आहेत, असे अहवाल येऊ लागले. ४ मे १८६३ रोजी त्यांनी परिपत्रक काढून कॅलोमेल लष्कराच्या औषधांच्या यादीतूनच वगळले.

डॉक्टर मंडळी खवळली. औषध चांगले की वाईट हा मुद्दा बाजूला पडला आणि आमच्या अधिकारात हात घालणारा हा कोण, असा सूर लागला. युद्धमंत्री स्टँटन यांचे तर हॅमंडशी आधीच बिनसले होते. अखेर लष्करी न्यायालयात खटला होऊन ऑगस्ट १८६४ मध्ये हॅमंड बडतर्फ झाले. आरोपांत पाऱ्याचा उल्लेख नव्हता. होता तो रुग्णालयांसाठी हलक्या प्रतीची ब्लँकेटे खरेदी केल्याचा. कापडाच्या धंद्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे वाचून हसावे की रडावे ते कळेना. १८७९ मध्ये त्यांच्यावरील कलंक पुसला गेला.

कॅलोमेल मात्र विसाव्या शतकातही टिकून राहिले, आणि तेही तान्ह्या बाळांच्या तोंडी. दात येताना द्यायच्या पुड्यांत ते असे. काही बाळांचे हातपाय गुलाबी होऊन सोलवटत, घाम येई, उजेड सोसवत नसे, मूल अहोरात्र किरकिरे, काही दगावतही. पुडी घेणाऱ्या शेकडो बाळांत एखाद्यालाच हा त्रास होई, म्हणून पुडीवर कोणाचा संशय गेला नाही. कोणी जंतूंना दोष देई, कोणी आहाराला. १९४५ साली अमेरिकेतील सिनसिनाटी येथे डॉ. जोसेफ वॉरकेनी यांना अशाच एका बाळाच्या लघवीत पारा सापडला आणि मग एकेक नोंद जुळू लागली. ब्रिटनमधील प्रमुख उत्पादकांनी १९५० नंतरच्या काही वर्षांत या पुड्यांतून पारा काढून टाकला, आणि पाहता पाहता तो आजार तेथील रुग्णालयांतून जवळजवळ नाहीसा झाला.