वेताळाचा वेश आणि अठरा नंबरची सुई

१९७४ च्या डिसेंबरात आमच्या घरी वेताळ शिवला गेला. माझ्या धाकट्या भावाला शाळेच्या स्नेहसंमेलनात वेषभूषा स्पर्धेत उतरायचं होतं आणि शिवाजी, टिळक, पोस्टमन यांपैकी कोणीही त्याला चालत नव्हतं. 'इंद्रजाल कॉमिक्स' मुंबईत मार्च १९६४ मध्ये सुरू झाली ती वेताळाला घेऊनच. दहा वर्षांत तो चाळीतल्या पोरांना घरचाच झाला होता.

चित्रातला वेताळ आठवून बघा. त्याचा पोशाख अंगावर घातलेला नव्हे, अंगावर रंगवलेला वाटतो. कुठे सुरकुती नाही. आणि आईजवळ होतं काय, तर गिरणीच्या दुकानातून तुकड्याच्या भावात आणलेलं पांढरं ड्रिल. ज्याच्या खाकी विजारी शिवतात तेच ते जाड, हट्टी कापड.

चित्र आणि कापड यांच्यातला हा तंटा तसा जुना आहे. जूल लिओतार हा फ्रान्समधल्या तुलूझचा कसरतपटू. १८५९ मध्ये पॅरिसच्या सर्कशीत एका झोक्यावरून दुसऱ्या झोक्यावर झेप घेऊन त्यानं लोकांना थक्क केलं. हवेत अडकणार नाही असा, अंगासरशी बसणारा सलग वेश तो घाले. त्या वेशाला आजही त्याचंच नाव आहे. पण ते कापड मोज्या-बनियनसारखं, फाशात फासा गुंतवून विणलेलं. फासा ताणतो आणि पुन्हा जागेवर येतो. मागावरचं कापड उभ्या-आडव्या धाग्यांचं. ते ताणत नाही. ड्रिल तर नाहीच नाही.

अमेरिकेतल्या चित्रकथांनी हा सर्कशीचा वेश उचलला. ली फॉक यांचा वेताळ १७ फेब्रुवारी १९३६ रोजी वर्तमानपत्रात अवतरला. जून १९३८ च्या अंकात सुपरमॅन आला. त्याचे चित्रकार जो शुस्टर यांच्या डोळ्यांपुढे सर्कशीतले पहिलवान आणि कसरतपटूच होते. विजारीवर चड्डी का, असा प्रश्न ज्यांना लहानपणापासून छळतो त्यांनी तिथे पाहावं: घट्ट विजारीवर लाजेपुरती वेगळ्या रंगाची तुमान घालण्याची ती कसरतपटूंची रीत. २०१३ च्या चित्रपटात सुपरमॅनची ती लाल चड्डी गेली होती, २०२५ च्या चित्रपटात परत आली.

रंगाची गंमत निराळी. फॉक यांच्या मनातला वेताळ राखाडी होता. १९३९ मध्ये रविवारची रंगीत पानं सुरू झाली तेव्हा तो जांभळा छापला गेला. इटलीत तो लाल झाला, स्वीडनमध्ये निळा. आमच्या आईनं जांभळा रंग दोनदा पातेल्यात उकळून चढवला. राखाडीची गोष्ट तिला ठाऊक असती, तर तिचा एक रविवार वाचला असता.

जाड कापडाशी ती कशी भांडली ते मी पाहिलं, कारण सुईत दोरा ओवायचं काम माझं होतं. पहिल्याच संध्याकाळी चौदा नंबरच्या दोन सुया मोडल्या. मग अठरा नंबरची आणली, टाका लांब केला. जिथे चार पदर एकत्र येतात तिथे आतले पदर पायरीपायरीनं कापले, शिवण खलबत्त्याच्या बत्त्यानं ठोकून चपटी केली आणि चाक हातानं फिरवत एकेक टाका घेतला. हात वर होईना, तेव्हा काखेत उरेब कापलेली कळी बसवली, कारण उरेब कापलं की मागावरचं कापडही जरासं ताणतं. टोपडं डोक्यातून जाईना म्हणून ते मागून उघडं ठेवून हुक लावले. फासे जे आपसूक करतात, ते तिला कात्री आणि शिवणीनं करावं लागलं.

भावाला पहिलं बक्षीस मिळालं. शाळेच्या वार्षिक अंकात त्याचा फोटो आला आणि खाली वर्गशिक्षकांच्या मार्गदर्शनाचे आभार होते. आईनं अंक वाचला आणि फडताळात ठेवला.

ही गोष्ट पुन्हा वर आली ती मिर्टल डग्लस या बाईंबद्दल वाचताना. लॉस एंजेलिसच्या या बाई एस्पेरांतो भाषेच्या नादी. त्या भाषेतल्या आपल्या आद्याक्षरांवरून त्या 'मोरोयो' हे नाव वापरत. जुलै १९३९ मध्ये न्यूयॉर्कला विज्ञानकथांच्या चाहत्यांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं. जेमतेम दोनशे माणसं. त्यात फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मोरोयो भविष्यकाळातल्या माणसांचे पोशाख घालून आले: हिरवा झगा, विजार, 'थिंग्ज टु कम' हा १९३६ चा चित्रपट आणि चित्रकार फ्रँक पॉल यांच्या मुखपृष्ठांवरून बेतलेले. बाकी सगळे साध्या कपड्यांत! पुढच्याच वर्षी शिकागोच्या संमेलनात वेषभूषेची स्पर्धा झाली. आज जगभर हजारो मुलं ज्या हौसेनं नटतात तिचा उगम इथे दाखवतात आणि पहिला मान कितीतरी वर्षं अ‍ॅकरमन यांना दिला गेला. दोन्ही पोशाख बेतले आणि शिवले होते मोरोयो यांनी. स्वतः अ‍ॅकरमन तसं सांगत, पण ऐकणाऱ्यांना झगा घातलेला माणूसच दिसे. त्या १९६४ मध्ये वारल्या.

१९५८ मध्ये जोसेफ शिव्हर्स यांनी स्पॅन्डेक्स हा ताणणारा धागा शोधला, आपण ज्याला लायक्रा म्हणतो तो. आता घट्ट वेश सोपे झाले, असं वाटलं होतं. पण १९८९ च्या 'बॅटमॅन'मध्ये रबरी फोमचं जाडजूड चिलखत आलं, इतकं की नायकाला मान वळवता येईना. तेव्हापासून मुलांना जाड तेच खरं वाटतं. यंदा नातवासाठी मी पडद्याचं काळं कापड आणि रेक्झिन घेऊन आईच्याच मशिनवर बसले. रेक्झिनला टाचणीची भोकं कायमची पडतात, म्हणून कपड्यांचे चिमटे लावले; फूट चिकटतो, म्हणून वर बटरपेपर ठेवला. झगा गळ्याशी शिवला नाही, वेल्क्रोनं लावला. कुठे अडकला तर सुटून यावा.

परवा भावाला फोनवर विचारलं, तुझा वेताळ आठवतो का? बक्षीस त्याला आठवत नव्हतं. "घामानं रंग सुटला होता," तो म्हणाला, "दोन दिवस मी जांभळा होतो, आणि आई खोबरेल तेलानं पाठ पुसत होती."