सुटलेले शिक्षण आणि शिष्यवृत्ती

शिष्यवृत्ती म्हटले की आपण फक्त फीचा हिशेब करतो. इतिहास मात्र वेगळे सांगतो. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, ते बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनच्या मदतीवर. त्या मदतीत शिक्षणाबरोबर निवारा आणि दोन वेळचे जेवणही होते. म्हणूनच गोदूबाई ही बालविधवा तिथे शिकू शकली. पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून ती आनंदीबाई कर्वे झाली.

आज भंडारा जिल्ह्यातल्या आसगावसारख्या गावातून, निकाहनंतर शिक्षण सुटलेली आमची एखादी बहीण पुन्हा कॉलेजात जायचे म्हणते, तेव्हा अडचणी कोणत्या? दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे. मधल्या वर्षांचे प्रतिज्ञापत्र. रोजचे बसभाडे. आणि लहान मूल कोणाकडे ठेवायचे? राज्य सरकारने २०२४ साली आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी व आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. त्याचे स्वागतच आहे. पण फीपलीकडचा खर्च तसाच राहतो.

तो आम्ही, आमच्या जमातीच्या फंडांनी, उचलायला हवा. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी रमाबाईंना जे उमगले, ते आम्हाला उमगायला आणखी किती उशीर?