बंदुकीकडून दुर्बिणीकडे

दिवाळीची सुट्टी तोंडावर आली की पालकांकडून मला हमखास एक प्रश्न येतो. "सर, पोराला पक्षी बघायचा नाद लागलाय. लहानशी, खिशात मावेल अशी दुर्बीण घ्यावी म्हणतो. कोणती घेऊ?" मी इतिहासाचा शिक्षक. प्रश्न दुकानातला असला तरी माझे उत्तर चारशे वर्षे मागून सुरू होते आणि बिचारे पालक घड्याळाकडे पाहू लागतात. म्हणून यंदा ठरवले, की ते उत्तर एकदा सविस्तर लिहूनच काढावे. वाचकांना घड्याळ बघण्याची मुभा आहेच.

प्रथम शब्दाविषयी. 'दुर्बीण' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. 'दूर' म्हणजे लांब आणि 'बीन' म्हणजे पाहणारा. आमच्या भागातला कानडी माणूसही 'दुर्बीनु' म्हणतो. पाट्यांवरून आणि परिपत्रकांवरून आपण कितीही भांडलो, तरी लांबचे पाहायची वेळ आली की दोन्ही भाषा एकाच शब्दाने पाहतात, ही गोष्ट मला फार सूचक वाटते.

आता वस्तूविषयी. इ. स. १६०८. इकडे दख्खनेत मलिक अंबर निजामशाही सावरण्याच्या खटपटीत होता. तिकडे हॉलंडात मिडलबर्ग गावच्या हान्स लिपरशे नावाच्या चष्मेवाल्याने दूरचे जवळ दाखवणारी नळी घेऊन हेगच्या राज्यसभेपुढे हक्काचा अर्ज केला. सभासदांनी ती पाहिली आणि तत्काळ फर्माविले, की एका डोळ्याने बघणे गैरसोयीचे आहे, दोन्ही डोळ्यांनी पाहता येईल अशी करून आणा. लिपरशेने तशी जोडनळी करूनही दिली. त्याला पैसे मिळाले, पण मक्ता मिळाला नाही; कारण ही विद्या इतरांनाही ठाऊक आहे असे तोवर दिसून आले होते. तात्पर्य, दोन डोळ्यांची दुर्बीण ही एका डोळ्याच्या दुर्बिणीची जवळजवळ जुळी बहीणच.

मात्र या बहिणीचे नशीब अडीचशे वर्षे उघडले नाही. गॅलिलिओच्या पद्धतीची नळी आखूड असते, चित्र सुलटे दाखवते, पण तिच्यातून दिसणारा भाग फार चिंचोळा. नाटकगृहात श्रीमंत मंडळी हातात धरीत ती दुर्बीण याच जातीची, जेमतेम तीनचार पट मोठे दाखवणारी. केप्लरने १६११ साली सुचविलेल्या दोन बहिर्गोल भिंगांच्या रचनेत दृश्य रुंद दिसते, पण जग उलटे होते. झाडावरचा पोपट खाली डोके करून बसलेला दिसू लागला तर वटवाघळाला काय म्हणायचे? चित्र सुलटे करायचे तर मध्ये आणखी भिंगे घालावी लागत आणि नळी हातभर लांब होई. जहाजावरच्या कप्तानाला ती चालली. रानातून हिंडणाऱ्याला नव्हे.

हा पेच सोडवला इग्नाझिओ पोरो या इटालियन गृहस्थाने, १८५४ साली. म्हणजे मुंबई-ठाणे आगगाडी धावली त्याच्या दुसऱ्या वर्षी. त्याने नळीच्या पोटात काचेचे लोलक बसवले. प्रकाश या लोलकांत चार वेळा परावर्तित होतो. त्यामुळे उलटे चित्र सुलटे होते आणि प्रकाशाची वाट आतल्या आत दुमडली जाऊन नळी आखूड होते. युक्ती नामी होती, पण त्या काळची काच तिच्या लायकीची नव्हती. ती काच पुढे जर्मनीत येना येथे ओटो शॉट याने तयार केली. तिथल्याच झाइस कारखान्यातील एर्न्स्ट आबे यांना हीच लोलकांची युक्ती स्वतंत्रपणे सुचली होती. १८९३ साली ते हक्क नोंदवायला गेले तेव्हा पोरो आपल्या आधी तिथवर पोचल्याचे त्यांना कळले. पुढची भिंगे डोळ्यांपेक्षा जास्त अंतरावर ठेवण्याच्या रचनेचा हक्क तेवढा त्यांना मिळाला. १८९४ पासून या दुर्बिणी विकल्या जाऊ लागल्या. पहिल्या तीन नमुन्यांतली एक होती ८×२०, म्हणजे आठ पट मोठे दाखवणारी आणि पुढच्या भिंगाचा व्यास वीस मिलिमीटर असलेली.

वाचकहो, हा आकडा ध्यानात ठेवा. आज दुकानदार 'नवे मॉडेल' म्हणून जी खिशातली दुर्बीण काचेच्या कपाटातून काढतो, तिच्यावर पुष्कळदा हाच आकडा असतो. सव्वाशेहून अधिक वर्षे टिकलेल्या मापात काहीतरी तथ्य असलेच पाहिजे.

यानंतर दुर्बीण युद्धावर गेली. पहिल्या महायुद्धात जर्मन काच मिळेनाशी झाल्यावर इंग्लंडला इतकी टंचाई भासली, की लॉर्ड रॉबर्ट्स यांनी नागरिकांना घरातल्या दुर्बिणी सैन्यासाठी द्यायचे आवाहन केले. अमेरिकेनेही आरमारासाठी तेच केले. त्या आवाहनामागे नौदल खात्याचे त्या वेळचे उपमंत्री फ्रँकलिन रूझवेल्ट होते. पुढे १९३५ साली झाइसमधल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी भिंगावर अतिशय पातळ लेप देण्याची रीत शोधली. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर चारपाच टक्के प्रकाश परतून वाया जातो. दुर्बिणीत असे पृष्ठभाग दहाबारा सहज असतात. हिशेब वर्गातल्या कोणत्याही मुलाला करता येईल. हा लेपही काही काळ लष्करी गुपित म्हणूनच राहिला. शांततेच्या कामी लागलेली कितीतरी साधने अशी रणातून परतलेली असतात.

आणि पक्षी? त्यांचा इतिहास याहून रक्ताळलेला आहे. एकोणिसाव्या शतकात पक्षी ओळखायचा म्हणजे आधी तो मारायचा. १८७४ साली अमेरिकेत एलियट कूज यांनी पक्षिअभ्यासकांसाठी जे हस्तपुस्तक लिहिले, त्यात साहित्याच्या यादीत पहिला मान बंदुकीला आहे. आपल्याकडचे उदाहरण ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांचे. काँग्रेसचे संस्थापक म्हणून आपण त्यांना ओळखतो. ज्या १८८५ साली काँग्रेसची स्थापना झाली, त्याच साली त्यांनी आपला पक्ष्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमला दिला. त्यात साठ हजारांहून अधिक कातडी होती! ह्यूम यांनी चालविलेल्या 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात १८८१ साली ई. ए. बटलर या लष्करी अधिकाऱ्याने दख्खन आणि दक्षिण मराठा मुलखातील पक्ष्यांची यादी छापली. बटलर बेळगावच्या छावणीत राहिलेला. आमच्या या माळावरची आणि रानातली पाखरे प्रथम नीट कागदावर आली ती अशी, बंदूकवाल्याच्या हातून.

या माणसांना दोष देऊन मी मोकळा होणार नाही. त्यांच्या कातड्यांवाचून आजची पुस्तके झाली नसती. जवळून पाहण्याचे दुसरे साधन नव्हते, म्हणून बंदूक होती. साधन बदलले आणि रीतही बदलली. १८८९ साली फ्लॉरेन्स मेरियम या पंचविशीतल्या बाईंनी नाटकाची दुर्बीण घेऊन पक्षी बघण्यावर पुस्तक लिहिले. १९०१ साली इंग्लंडात एडमंड सेलूस यांनी 'बर्ड वॉचिंग' लिहिले. हे सेलूस आधी स्वतः पक्षी मारीत. पुढे त्यांनी ते सोडून नुसते पाहत बसण्याचा पुरस्कार केला. १९३४ साली रॉजर टोरी पीटरसन यांनी दुरून दिसणाऱ्या खुणांवरून पक्षी ओळखण्याचे पुस्तक काढले. आपल्याकडे मुंबईच्या ज्या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने चिमणी पाडली आणि तिच्या गळ्यावरचा पिवळा डाग पाहून जो चक्रावला, त्या सालिम अलींचे 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' १९४१ साली आले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तर बंदुकीची वाटच बंद केली.

कायद्याच्या पुस्तकात वाट बंद झाली, गावात नाही. आमच्या शाळेत आसपासच्या दहाबारा खेड्यांतून मुले येतात. त्यांच्या दप्तरात भूगोलाच्या पुस्तकाशेजारी बेचकी सापडते. या मुलांची नजर मला हेवा वाटावा अशी तेज असते. तितर कोणत्या बांधाला आहे, खंड्या कोणत्या दरडीत बीळ करतो, हे त्यांना पाठ. बेचकी जप्त करून मी काय मिळवणार? संध्याकाळपर्यंत पेरूच्या फांदीची दुसरी तयार होते. ज्या तीक्ष्ण नजरेला आजवर नेम धरणे एवढेच काम होते, तिला दुसरे काम दिले पाहिजे. युरोपात जे शंभर वर्षांपूर्वी झाले, ते आमच्या शाळेत प्रत्येक पिढीला नव्याने करावे लागते.

माजी विद्यार्थ्यांनी निसर्गमंडळासाठी काही रक्कम दिली तेव्हा शिक्षकखोलीत चर्चा झाली. आमच्या कवायतीच्या मास्तरांचे म्हणणे, की घ्यायची तर एकच घ्या, १०×५०, दांडगी, शाळेला शोभेलशी. मी म्हटले, मास्तर, चाळीस मुलांत एक दुर्बीण म्हणजे एकाने पाहायचे आणि एकोणचाळीसांनी ढकलाढकली करायची. पाखरू काही हजेरी पूर्ण होईतो थांबत नाही. शेवटी त्याच पैशांत लहान दुर्बिणी पाच आल्या. त्या कशा पारखल्या तेच आता सांगतो. पालकांच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे.

पहिला आकडा वर्धनाचा. तो जितका मोठा तितकी दुर्बीण चांगली, हा समज सोडा. वर्धन वाढते तसे हाताचे कापणेही वाढते आणि दृश्य आकुंचन पावते. पानाआडचा सुभग सापडायला रुंद दृश्य लागते. आठ पट पुरे. वर्धन कमीजास्त करणारी 'झूम' दुर्बीण लहान मापात घेऊच नये.

दुसरा आकडा भिंगाचा. त्याला पहिल्याने भागा. ८×२० मध्ये उत्तर अडीच येते, ८×२५ मध्ये तीनच्या थोडे वर, ८×४२ मध्ये सव्वापाच. डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताचा हा मिलिमीटरमधला व्यास. भर उन्हात आपल्या डोळ्याची बाहुलीही दोनतीन मिलिमीटरच असते, त्यामुळे तिथे लहान दुर्बीण कमी पडत नाही. दाट रानात किंवा झुंजुमुंजू उजेडात बाहुली विस्फारते आणि लहान भिंग अपुरे ठरते. ४२ चे भिंग २० च्या भिंगाच्या चौपटीहून अधिक प्रकाश घेते. पण तिचे वजन पाऊण किलोच्या घरात जाते आणि लहानीचे पावशेर-दीड पावशेर. माळरान, तळे, शेत यांसाठी लहान पुरते. दांडेलीच्या जंगलात धनेश पाहायला नेहमी जाणाऱ्याने मोठी घ्यावी. दोन्हींपैकी एकच निवडायची तर मी २० पेक्षा २५ चे भिंग पत्करीन.

तिसरी गोष्ट आतल्या लोलकांची. सरळ नळ्यांची दुर्बीण दिसायला देखणी. तिच्यात 'रूफ प्रिझम' असतात. त्यांतून चित्र खुलून येण्यासाठी त्यांवर विशेष लेप लागतो, जो १९८८ साली प्रचारात आला आणि स्वस्त मालात बहुधा नसतो. त्यामुळे थोड्या पैशांत, पुढची भिंगे जवळजवळ आणलेली पोरो पद्धतीची लहान दुर्बीण सहसा अधिक स्वच्छ दाखवते.

चौथी गोष्ट, दुकानात करायची परीक्षा. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे पाहा. डोळ्याकडच्या भिंगात दिसणारा प्रकाशाचा ठिपका पूर्ण गोल आणि स्वच्छ हवा, कडा कापल्यासारख्या नकोत. लालभडक चमकणाऱ्या भिंगांना भुलू नका. ती लाल प्रकाश बाहेर फेकतात आणि पाखरू हिरवट दिसते. मुलाच्या डोळ्यांमधले अंतर कमी असते, तेव्हा दोन्ही नळ्या पुरेशा जवळ येतात का ते त्याच्याच डोळ्यांना लावून पाहा. दोन वर्तुळे दिसत राहिली तर ती दुर्बीण त्याची नव्हे. चष्मा असेल तर चष्म्यासकट पूर्ण वर्तुळ दिसले पाहिजे. आणि आमच्या मुलखाच्या पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरते. चार महिने ती ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह घट्ट डब्यात ठेवा, चामड्याच्या पिशवीत नव्हे.

दुर्बिणीसोबत एक वहीही द्या. आमच्या मुलांच्या वहीत तीन रकाने आहेत: मराठी नाव, कानडी नाव, पाहिल्याची तारीख. खंड्यासमोर 'मिंचुळ्ळी', भारद्वाजासमोर 'केंबूत', धनेशासमोर 'मंगट्टे'. मारुती चितमपल्लींनी मराठीत पक्ष्यांसाठी जे केले, त्याच ओढीने पूर्णचंद्र तेजस्वींनी कानडीत लिहिले. ज्या घरात दोन्ही भाषा वाचता येतात, त्या घराचे भाग्य दुप्पट.

दिवाळी सरते न सरते तोच धोबी पक्षी अंगणात शेपटी हलवत येतो. घटप्रभेच्या काठावर थंडीत क्रौंच उतरतात. ५ नोव्हेंबर हा चितमपल्लींचा आणि १२ नोव्हेंबर सालिम अलींचा जन्मदिवस. २०२० पासून महाराष्ट्रात हा आठवडा पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. सीमेच्या या बाजूला आपणही पाळायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. पाखरांना सरहद्द ठाऊक नसते.

तेव्हा पालकहो, फटाक्यांच्या खर्चातून थोडे बाजूला काढा आणि लहानशीच पण पारखून दुर्बीण घ्या. आमच्या पाच दुर्बिणींपैकी एक सध्या सातवीतल्या ज्या मुलाकडे आहे, त्याची बेचकी माझ्या टेबलाच्या खणात पडून आहे. ती मी जप्त केलेली नाही. त्याने आपणहून आणून दिली.