फ्री सीट, पेमेंट सीट आणि बाबांची सही

मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "दादा, इंजिनिअरिंगसाठी लोन काढू का?" उत्तर द्यायला बसलो आणि थेट १९८३ मध्ये जाऊन पोहोचलो. तर आजचा भाग त्याच्यावर.

तोपर्यंत महाराष्ट्रात इंजिनिअर व्हायचं म्हणजे पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद अशी मोजकीच कॉलेजं. फी किरकोळ, पण जागा कमी. ज्यांचा नंबर लागायचा नाही आणि घरी पैसा असायचा, ते देणगी भरून कर्नाटकात जायचे. मग १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली. जागा वाढल्या, तालुक्याच्या गावातली पोरं इंजिनिअर झाली, हे खरंच. पण 'विनाअनुदानित' हा शब्द नीट ऐका. सरकार खर्च देणार नाही, म्हणजे तो कोणीतरी दुसरं देणार. सुरुवातीला तो दुसरा म्हणजे वडिलांची जमीन आणि आईचे दागिने.

१९८७ मध्ये राज्याने कॅपिटेशन फीवर बंदीचा कायदा केला. १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सुप्रीम कोर्टाने खासगी कॉलेजांच्या निम्म्या जागा 'फ्री' आणि निम्म्या 'पेमेंट' केल्या. फ्री सीटवाला सरकारी कॉलेजएवढी फी भरणार आणि त्याचा उरलेला खर्च पेमेंट सीटवाल्याच्या फीमधून निघणार. कागदावर छान वाटतं. प्रत्यक्षात चांगली शाळा, चांगला क्लास मिळालेल्या शहरी मुलाला मार्क जास्त, म्हणून फ्री सीट त्याला. आणि गावाकडच्या मुलाचा बाप त्याचीही फी भरतोय! हे मी नाही म्हणत, २००२ मध्ये टीएमए पै खटल्यात कोर्टानेच हा मुद्दा मांडला आणि ती योजना रद्द केली.

आता इथे थांबा, कारण मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. फ्री सीट गेली २००२ मध्ये. त्याच्या एकच वर्ष आधी, २००१ मध्ये, बँकांची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आली होती: चार लाखांपर्यंत तारण नाही, कोर्स संपेपर्यंत आणि वर साधारण वर्षभर हप्ता नाही. कोणी ठरवून केलं असं मी म्हणणार नाही. पण स्वस्त जागा संपली आणि बँकेचं दार उघडलं. जमीन विकायची वेळ आता टळू शकत होती, फक्त बोजा बापाच्या सातबाऱ्यावरून पोराच्या पगारावर आला. म्हणजे पूर्णपणे नाहीच. माझ्या लोनच्या कागदावर सहकर्जदार म्हणून बाबांची सही होती, आणि पहिली नोकरी लागेपर्यंत माझ्यापेक्षा त्यांनाच झोप कमी लागायची.

आकडे बघू. समजा दरवर्षी एक लाख, असं चार लाख कर्ज, व्याज १० टक्के. हप्ता सुरू होईपर्यंत पाच वर्षांत साधं व्याजच १ लाख ४० हजार होतं. ५ लाख ४० हजार सात वर्षांत फेडायचे तर ईएमआय जवळपास ९ हजार. आणि पगार? मोठ्या आयटी कंपन्यांत फ्रेशरचं पॅकेज २०१० च्या आसपास तीन-सव्वातीन लाख होतं. दहा वर्षांनी साडेतीनच्या आसपास! फी वाढली, पुण्यातलं रूमभाडं वाढलं, पॅकेज तिथेच. हातात पंचवीस-सव्वीस हजार येतात, त्यातला तिसरा हिस्सा बँकेचा.

म्हणून "लोन काढू का?" याचं एकच उत्तर नाही. उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅप राऊंडमधून असेल, तर खुल्या गटालाही राजर्षी शाहू शिष्यवृत्तीतून निम्मी शिक्षण फी मिळते. मुलींसाठी, याच उत्पन्नमर्यादेत, ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांना २०२४ पासून पूर्ण माफी आहे. मॅनेजमेंट कोट्यात हे काही नाही. कॉलेजच्या बॅनरवरचं 'हायेस्ट पॅकेज' सोडून द्या, ते एका पोराचं असतं. एनआयआरएफमध्ये उतरलेल्या कॉलेजला मीडियन पगार जाहीर करावा लागतो. तो उघडा, शेजारी शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेली फी लिहा, आणि सही करायच्या आधी तो कागद बाबांना दाखवा.